गुलामगिरीचे उच्चाटन आणि घटनादुरुस्तीचे गणित

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या विधिमंडळाने गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीस अनुमोदन दिले ते मार्च १९७६ मध्ये. मिसिसिपी राज्याला त्यासाठी १९९५ साल उजाडावे लागले, आणि त्या ठरावाची रीतसर नोंद केंद्राच्या दप्तरी होण्यास आणखी अठरा वर्षे लागली. मूळ घटनादुरुस्ती अमलात आली होती डिसेंबर १८६५ मध्ये. या दिरंगाईमुळे कोणी गुलाम राहिला नव्हता, हे उघड आहे. तीन-चतुर्थांश राज्यांची संमती मिळताच दुरुस्ती सर्वांवर बंधनकारक झाली होती आणि मागाहून आलेली अनुमोदने ही केवळ शोभेची होती. त्यामुळे अशी बातमी आली की वृत्तपत्रे ती गमतीच्या सदरात टाकतात. परंतु ज्या गोष्टीबद्दल आज दुमत संभवत नाही, तिला घटनेच्या दाराशी एवढा काळ का तिष्ठावे लागले, हा प्रश्न गमतीचा नाही. शालेय पुस्तकांत त्याचे उत्तर एका वाक्यात असते: अब्राहम लिंकनने गुलामांना मुक्त केले. हे वाक्य खोटे नाही. मात्र ते इतके सोपे आहे की लिंकनच्या वाटेत नेमके काय आडवे होते ते त्यातून कळत नाही.

आडवी होती प्रथम ती घटनाच. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या घटनाकारांनी आपल्या मसुद्यात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. त्याऐवजी ‘सेवेस बांधील व्यक्ती’, ‘इतर सर्व व्यक्ती’ अशी सोवळी भाषा त्यांनी योजली. शब्दाची लाज वाटली, पण व्यवस्थेची वाटली नाही. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना दर पाच गुलाम तीन माणसांइतके धरावेत असे ठरले. म्हणजे ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येच्या बळावर त्यांच्या मालकांना जादा जागा मिळाल्या. पळून गेलेला गुलाम ज्या राज्यात सापडेल त्या राज्याने तो मालकाच्या स्वाधीन करावा, हेही कलमात आले. आणि बाहेरून गुलाम आणण्याच्या धंद्यास १८०८ पर्यंत हात लावू नये, एवढेच लिहून घटनाकार थांबले नाहीत; या तरतुदीत त्या मुदतीपर्यंत दुरुस्तीदेखील करता येणार नाही, असे त्यांनी दुरुस्तीच्या कलमातच नमूद करून ठेवले. घराला कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडे देण्याची रीत असते. येथे किल्ली चोरट्याच्याच खिशात ठेवली गेली.

घटनादुरुस्तीचे जे कलम घातले गेले त्याचे गणित समजून घेतल्यावाचून पुढचा इतिहास उलगडत नाही. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत हवे आणि त्यानंतर तीन-चतुर्थांश राज्यांचे अनुमोदन हवे. १८६० साली संघराज्यात तेहतीस राज्ये होती व त्यांपैकी पंधरा राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. पंधरा राज्यांचा विरोध मोडून दुरुस्ती संमत करावयाची तर दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस राज्ये उभी करावी लागली असती, म्हणजे एकूण साठ. आजही अमेरिकेत राज्ये पन्नासच आहेत. तात्पर्य असे की त्या पंधरा राज्यांनी संघराज्यात शांतपणे बसून नुसता नकार देत राहण्याचे ठरवले असते, तर केवळ घटनेच्या मार्गाने गुलामगिरी आजतागायतही हलवता आली नसती. हे गणित दक्षिणेतील मुत्सद्द्यांना येत नव्हते असे नव्हे. ते येत असूनही त्यांनी संघराज्यातून फुटून निघण्याचा मार्ग पत्करला, कारण नव्या प्रदेशात गुलामगिरीचा प्रसार रोखला गेला तर आपले वजन ओसरत जाईल हे भय त्यांना अधिक मोठे वाटले. आपल्या हातातील सर्वांत भक्कम हत्यार, म्हणजे सभागृहातील आपली जागा, त्यांनी स्वतःच टाकून दिले.

हे भय मुळात कशाचे होते? येथे नीतिशास्त्र बाजूस ठेवून जमाखर्चाकडे वळावे लागते. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. देशाची एकूण लोकसंख्या तीन कोटी चौदा लाख होती. शेतात राबणाऱ्या धडधाकट तरुणाची किंमत बाजारात हजार-दीड हजार डॉलर पडे. सर्व गुलामांची मिळून बाजारभावाने होणारी किंमत तीन अब्ज डॉलरच्या वर जाते, असे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक सांगतात. देशातील सर्व रेल्वे आणि सर्व कारखाने यांत गुंतलेल्या भांडवलाहूनही ही रक्कम मोठी होती. त्या वर्षी मध्यवर्ती सरकारचा सारा खर्च सहा-साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास होता, म्हणजे गुलामरूपी मालमत्ता ही सरकारच्या पन्नास वर्षांच्या खर्चाइतकी भरे. ही मालमत्ता मूठभर जमीनदारांचीच होती अशीही समजूत आहे, पण ती खरी नाही. गुलामगिरीच्या राज्यांत दर चार गोऱ्या कुटुंबांपैकी एकाकडे गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिना येथे तर हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होते. गुलाम तारण ठेवून कर्ज मिळे, गुलाम हुंड्यात जाई, मृत्युपत्रात वाटला जाई. एवढी मालमत्ता कलमाच्या एका फटकाऱ्याने शून्य किमतीची ठरवणारी घटनादुरुस्ती जगाच्या इतिहासात त्यापूर्वी झालेली नव्हती.

शिवाय हितसंबंध दक्षिणेपुरते नव्हते. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. तो कापूस वाहणारी जहाजे, त्यावर उचल देणाऱ्या पेढ्या, त्याचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या या बव्हंशी उत्तरेच्या, विशेषतः न्यूयॉर्कच्या. त्या शहराचे महापौर फर्नांडो वुड यांनी जानेवारी १८६१ मध्ये, दक्षिण फुटून जात आहे तर न्यूयॉर्कनेही स्वतंत्र शहर म्हणून वेगळे व्हावे, असे सुचवले होते. हेच गृहस्थ पुढे प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि त्यांनी घटनादुरुस्तीविरुद्ध मत दिले. कापसाची ही साखळी मुंबईपर्यंत पोहोचलेली होती. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा होताच वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरांचा जो उन्माद माजला त्याची कहाणी प्रेमचंद रायचंद यांच्या नावाशी निगडित आहे. युद्ध संपल्याची वार्ता येताच तो डोलारा १८६५ मध्ये कोसळला. गुलामांच्या मुक्तीची बातमी ही मुंबईच्या बाजारात दिवाळखोरीची बातमी म्हणून आली, हा इतिहासाचा एक कडवट विनोदच म्हणावयास हवा.

या पार्श्वभूमीवर घटनेची तेरावी दुरुस्ती म्हणून प्रथम जी पुढे आली ती गुलामगिरी रद्द करणारी नव्हती, तर तिला अभय देणारी होती, ही गोष्ट आश्चर्यकारक वाटू नये. ओहायोचे टॉमस कॉर्विन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ठराव, राज्यांच्या अंतर्गत व्यवस्थेत (म्हणजे गुलामगिरीत) हस्तक्षेप करण्याचा अधिकार देणारी कोणतीही दुरुस्ती यापुढे करता येणार नाही, असे सांगणारा होता. प्रतिनिधिगृहाने तो २८ फेब्रुवारी १८६१ रोजी व सिनेटने मार्चच्या प्रारंभी दोन-तृतीयांश बहुमताने संमत केला. दोनच दिवसांनी अध्यक्षपदाची शपथ घेणाऱ्या लिंकनने आपल्या पहिल्या भाषणात त्यास आपला विरोध नसल्याचे सांगितले. काही राज्यांनी अनुमोदनही दिले. एप्रिलमध्ये तोफा सुरू झाल्या नसत्या तर तेराव्या दुरुस्तीच्या जागी आज कदाचित तेच कलम दिसले असते. दोन-तृतीयांश बहुमत मिळणे अवघड असते हे खरे; पण १८६१ साली ते गुलामगिरीच्या बाजूने मिळू शकले, हेही लक्षात ठेवावे लागते.

मालमत्तेचा प्रश्न असेल तर मोबदला देऊन तो सोडवावा, हा विचार स्वाभाविकच होता. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील मळेवाल्यांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली होती; त्यासाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा हिशेब ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली मिटवला. (त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानात त्यासाठी १८४३ चा स्वतंत्र कायदा यावा लागला.) लिंकनचाही कल याच मार्गाकडे होता. डेलावेअर या छोट्या राज्यात एकूण १७९८ गुलाम उरले होते. माणशी चारशे डॉलर धरले तर सर्वांचा मोबदला सव्वासात लाख डॉलरच्या आत होतो आणि युद्धाचा अर्ध्या दिवसाचा खर्चही याहून अधिक आहे, असा हिशेब लिंकनने मार्च १८६२ मध्ये एका सिनेटरला पत्राने कळवला. संघराज्यात राहिलेली चारही सीमावर्ती राज्ये आणि राजधानीचा जिल्हा धरला तरी सत्त्याऐंशी दिवसांच्या युद्धखर्चात सारे भागत होते. हिशेब बिनतोड होता. पण डेलावेअरने तो मानला नाही, आणि जुलैमध्ये सीमावर्ती राज्यांच्या बहुसंख्य प्रतिनिधींनीही नकार कळवला. केवळ राजधानीच्या जिल्ह्यात, जेथे काँग्रेसचाच अंमल चाले, तेथे एप्रिल १८६२ मध्ये मोबदला देऊन सुमारे तीन हजार गुलाम मुक्त झाले.

डेलावेअरचा हा नकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. त्या राज्यात वीस हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय आधीच स्वतंत्र होते. दोन हजारांहून कमी गुलामांवर तेथील शेती मुळीच अवलंबून नव्हती. हाती येणारा रोख मोबदला नाकारून वर्षानुवर्षे घसरत चाललेली मालमत्ता कवटाळून बसण्यात व्यापारी शहाणपण कोणते? ते नव्हतेच. कोण कोणाच्या आज्ञेत राहील, कोणाला कोणाच्या बरोबरीने बसता येईल, मतपेटी कोणाच्या हाती जाईल, याचा निवाडा त्या अठराशे माणसांच्या गुलामीत गोठवून ठेवलेला होता आणि त्याला बाजारभाव नसतो. मालमत्तेची किंमत चुकती केली की मालक वाटेतून बाजूला होतो, हे गृहीत धरणाऱ्या सर्वच सुधारणा अशा ठिकाणी येऊन अडखळतात. दोन्ही बाजूंनी मिळून युद्धावर जो पैसा अखेर खर्च केला तो सर्व गुलामांच्या बाजारभावाहून अधिक भरला, आणि सहा लाखांहून अधिक माणसे त्यात गेली.

गुलाम स्वतः काय करीत होते, हे या सभागृहांच्या इतिहासात बहुधा सांगितले जात नाही. मे १८६१ मध्येच व्हर्जिनियातील मन्रो किल्ल्याशी तीन गुलाम पळून आले व तेथील सेनाधिकाऱ्याने त्यांना शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता ठरवून परत देण्याचे नाकारले. मग रीघ लागली. मळे ओस पडू लागले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात या पलायनाला सार्वत्रिक संपाची उपमा दिली आहे, ती अर्थदृष्ट्या अगदी यथार्थ आहे. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. मालमत्ता पायांनी चालत जाऊन शत्रूच्या पलटणीत दाखल होऊ लागली तेव्हा तिचा भाव उतरणे अपरिहार्य होते, आणि भाव उतरल्यानंतरच घटनादुरुस्ती ही बोलण्यासारखी गोष्ट झाली.

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा हा या वाटेवरील टप्पा होता, शेवट नव्हे. तो सरसेनापती या नात्याने काढलेला युद्धकालीन हुकूम होता आणि फक्त बंडखोर प्रदेशाला लागू होता. केंटकी, मेरिलँड, मिसूरी, डेलावेअर यांतील गुलाम त्यातून वगळलेले होते. युद्ध संपल्यावर त्या हुकमाचे काय, न्यायालयाने तो रद्द ठरवला तर काय, मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा कोणी मालकीचा दावा लावला तर काय, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात हेच सर्वोच्च न्यायालय कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारून बसले होते. म्हणून न्यायालयाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, म्हणजे घटनेतच, हा निर्णय नेऊन ठेवणे भाग होते.

डिसेंबर १८६३ मध्ये ओहायोचे प्रतिनिधी जेम्स अॅशली यांनी ठराव मांडला. एलिझाबेथ कॅडी स्टॅंटन व सुसान अँथनी यांच्या महिला संघाने सह्यांची मोहीम उघडली. फेब्रुवारी १८६४ मध्ये एक लाख सह्यांचे गठ्ठे दोन कृष्णवर्णीयांनी सिनेटच्या सभागृहात वाहून आणले आणि त्या वर्षात हा आकडा चार लाखांपर्यंत गेला. मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनी, मताचा अधिकार नसलेल्या गुलामांसाठी केलेला हा उद्योग होता. मसुद्यावरून मात्र मतभेद झाला. चार्ल्स समनर यांना ‘कायद्यापुढे सर्व व्यक्ती समान’ अशी फ्रेंच जाहीरनाम्याच्या वळणाची भाषा हवी होती. लायमन ट्रम्बुल यांच्या न्यायविषयक समितीने ती बाजूस सारून १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशातील जुनी, सर्वांच्या परिचयाची भाषा घेतली. मते मिळवायची तर ओळखीचे शब्द बरे, हा व्यवहार. त्या जुन्या वाक्याबरोबर ‘रीतसर सिद्ध झालेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तेवढे सोडून’ हा अपवादही आत आला. त्याची किंमत कोणी मोजली ते पुढे येईल.

सिनेटने ८ एप्रिल १८६४ रोजी अडतीस विरुद्ध सहा मतांनी ठराव संमत केला. प्रतिनिधिगृहात मात्र १५ जूनला तो कोसळला: अनुकूल ९३, प्रतिकूल ६५; दोन-तृतीयांशाला तेरा मते कमी. फेरविचाराची सूचना आणण्याचा हक्क राहावा म्हणून खुद्द अॅशली यांनी ऐनवेळी आपले मत विरोधात टाकले होते. विरोधकांचे युक्तिवाद वाचताना भारतीय वाचक थबकल्याशिवाय राहत नाही. मोबदल्याविना मालमत्ता हिरावणे, राज्यांच्या अधिकारांवर आक्रमण, युद्ध लांबण्याची भीती हे मुद्दे अपेक्षितच होते. पण ओहायोचे जॉर्ज पेंडल्टन यांचे म्हणणे याहून खोल होते. दुरुस्ती करण्याच्या अधिकाराला घटनेच्या स्वरूपातूनच काही गर्भित मर्यादा आहेत आणि राज्यांची अंतर्गत रचना बदलणे हे दुरुस्तीच्या अधिकारात बसतच नाही, मग तीन-चतुर्थांश राज्ये अनुकूल असोत वा नसोत, असे त्यांनी प्रतिपादन केले. घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली मांडला आणि तो आज नागरिकांच्या स्वातंत्र्याचे कवच मानला जातो. हा खटलाही केरळच्या जमीनसुधारणा कायद्यावरून, एका मठाच्या जमिनीसाठी उभा राहिला होता. तर्काची तलवार एकच असते. ती माणसाच्या रक्षणासाठी उपसली आहे की माणसावरील मालकीच्या रक्षणासाठी, हे प्रत्येक वेळी निरखून पाहावे लागते.

नोव्हेंबरमध्ये लिंकन पुन्हा निवडून आला. नव्या प्रतिनिधिगृहात त्याच्या पक्षाला आवश्यक बहुमत मिळणार हे निश्चित होते, तरीही तो थांबला नाही. जुन्या सभागृहाच्या अखेरच्या बैठकीतच ठराव आणण्याचा त्याने आग्रह धरला. युद्ध संपण्यापूर्वी हे काम उरकले नाही, तर तहाच्या वाटाघाटीत गुलामगिरी ही देवघेवीची वस्तू होईल हे तो ओळखून होता. निवडणुकीत पडलेले विरोधी सदस्य अद्याप सभागृहात होते आणि त्यांना आता मतदारांची भीती उरली नव्हती. त्यांचे मन वळवण्यासाठी नोकऱ्या-नेमणुकांची आमिषे दाखवली गेली अशी वदंता तेव्हापासून आहे. मतदानाच्या दिवशी दक्षिणेचे शांतिदूत येत असल्याची आवई उठली. आपल्या माहितीप्रमाणे शहरात कोणी शांतिदूत नाहीत व येण्याचा संभवही नाही, असे लिंकनने लिहून दिले. ते अक्षरशः खरे होते, कारण दूत राजधानीकडे येत नसून मन्रो किल्ल्याकडे निघालेले होते. सत्यवचनी म्हणून ख्यात असलेल्या पुरुषाने सत्याची इतकी काटेकोर कातरणी केली, हे नीतीच्या पाठ्यपुस्तकात बसणारे नाही. ३१ जानेवारी १८६५ रोजी ठराव ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाला. तिघांनी जरी बाजू बदलली असती तरी तो पुन्हा पडला असता.

राज्यांच्या अनुमोदनात तर याहून मोठा पेच होता. राज्ये आता छत्तीस झाली होती. सत्तावीस हवी होती. फुटून निघालेली अकरा राज्ये मोजायची की नाहीत? मोजू नयेत, असे समनर यांच्यासारख्यांचे मत होते. मोजली तर उरलेल्या पंचवीस राज्यांनी एकमुखाने होकार देऊनही काम भागत नव्हते, आणि डेलावेअर, केंटकी व न्यूजर्सी यांनी तर स्पष्ट नकार कळवला. एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाल्यावर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेच्या पराभूत राज्यांवर अनुमोदनासाठी दडपण आणले. अखेर ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाने होकार दिला तेव्हा सत्ताविसावा आकडा भरला. त्या सत्तावीस राज्यांत आठ राज्ये गुलामगिरीसाठी बंड करून हरलेली होती. त्याच आठवड्यात जमलेल्या नव्या काँग्रेसने त्यांच्या प्रतिनिधींना सभागृहात बसू दिले नाही. घटना दुरुस्त करण्यापुरती ती राज्ये, आणि कायदे करण्यापुरती नाहीत. तर्काच्या कसोटीला हे उतरत नाही. परंतु तर्काला धरूनच चालायचे तर साठ राज्यांची वाट पाहावी लागली असती.

मोबदल्याचा दरवाजाही घटनेनेच बंद करावा लागला. गुलाम गेल्याबद्दल भरपाईचा कोणताही दावा बेकायदा व रद्द समजावा, असे १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत लिहिले गेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून ते भांडवल उभे केले, त्यांच्या भरपाईबद्दल मात्र ब्रिटनच्या कायद्यातही काही नव्हते आणि अमेरिकेच्या घटनेतही नाही. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला होता. वर्ष संपण्यापूर्वीच जॉन्सन यांनी तो फिरवून जमिनी जुन्या मालकांना परत देण्यास प्रारंभ केला.

जमीन नाही, अवजार नाही, आणि कायद्यात ती एक फट. दक्षिणेच्या विधिमंडळांनी १८६५-६६ मध्येच भटकेपणाचे कायदे केले: वर्षाच्या आरंभी कामाचा करार दाखवू न शकणारा कृष्णवर्णीय गुन्हेगार ठरे, दंड भरू न शकल्यास त्याचे श्रम विकले जात. पुढे कैदी भाड्याने देण्याची पद्धत आली. खाणी, रेल्वे, मळे यांना सरकार कैदी पुरवी व भाडे तिजोरीत जमा करी. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली. गुलामाच्या मालकाला निदान आपले भांडवल मरू नये एवढी तरी काळजी असे. भाड्याच्या कैद्याच्या बाबतीत तीही उरली नाही. तुरुंगाबाहेर राहिला तो अर्धेलीने शेत कसू लागला आणि दुकानदाराच्या वहीत बांधला गेला. कर्जासाठी डांबून ठेवण्यास १८६७ च्या कायद्याने बंदी होती, पण करार मोडणाऱ्या मजुराला फसवणुकीचा गुन्हेगार ठरवण्याची अलाबामाची क्लृप्ती सर्वोच्च न्यायालयाने मोडली ती १९११ साली.

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या निःस्वार्थ औदार्याबद्दल, अर्पण केला हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या वर्षी दक्षिणेत केंद्राचे सैन्य अद्याप होते, कृष्णवर्णीय मतदान करीत होते, विधिमंडळांत बसत होते. चार वर्षांनी, १८७७ मध्ये, राजकीय तडजोड होऊन सैन्य मागे घेण्यात आले आणि पुढच्या पाऊण शतकाचा अंधार सुरू झाला. पुण्यात बसून ज्योतीरावांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. ती सकाळ होती. तिचा दिवस व्हावयाचा राहून गेला.

आपल्याकडे घटनेचे कुलूप उघडण्याचा प्रश्न आला नाही. वेठबिगार आणि माणसांचा व्यापार यांवरील बंदी तेविसाव्या कलमात मुळातच लिहिलेली आहे. जमीनदारांच्या मालमत्तेचा प्रश्न न्यायालयात अडला तेव्हा १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती चटकन होऊ शकली, कारण सभागृहात बहुमत जमीनदारांचे नव्हते. अडथळा होता तो त्यापुढचा. घटनेने मनाई केलेली वेठबिगारी कशी शोधायची, कर्जाचे काय करायचे, हे सांगणारा केंद्रीय कायदा येण्यास १९७६ साल उजाडले. केंटकीने अनुमोदन दिले तेच हे वर्ष. या कायद्याने बांधील मजुराचे कर्ज रद्द ठरवले आणि सावकाराला मोबदला नाकारला. कायद्याची भाषा निःसंदिग्ध आहे. तरीही फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा, सक्तीची मजुरी असेल पण ती ‘बांधील’ मजुरी नव्हे, असा बचाव हरियाणा सरकारतर्फे करण्यात आला होता. न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये तो फेटाळला. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते, हंगाम संपला तरी ती फिटत नाही, आणि पुढच्या हंगामाची वाट त्या उचलीनेच ठरते. याला वेठबिगारी म्हणावयाचे की नाही यावर मराठवाड्यात वाद घालता येतो, कारण ती उचल स्वखुशीने घेतली असे कागदावर असते.

अमेरिकेत त्या जुन्या अपवादाकडे अलीकडे पुन्हा लक्ष गेले आहे. तो काढून टाकण्यासाठी काँग्रेसमध्ये २०२० पासून ठराव मांडले गेले, पण दोन-तृतीयांशाची वाट पुन्हा तितकीच चढाची आहे. म्हणून काही राज्यांनी आपापल्या घटनांतील तसाच अपवाद जनमताने काढण्याचा मार्ग धरला: कोलोरॅडोने २०१८ मध्ये, नेब्रास्का व युटा यांनी २०२० मध्ये, आणखी चार राज्यांनी २०२२ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवाडाच्या मतदारांनी तो काढला. त्याच दिवशी शेजारच्या कॅलिफोर्नियात बहुसंख्य मतदारांनी, कैद्यांकडून सक्तीचे काम घेण्याची मुभा देणारे शब्द काढण्यास नकार दिला. कॅलिफोर्निया १८५० साली संघराज्यात आले ते गुलामगिरी नसलेले राज्य म्हणून, आणि हा अपवाद त्याच्या १८४९ च्या पहिल्या घटनेतही होता.